नुसतं बघायचं काम

आमच्या ह्यांना कुणी अडलेलं बघवत नाही. बँकेत स्वतःचं काम बाजूला ठेवून दुसऱ्यांच्या स्लिपा भरून देतील. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की धक्का मारायला हे सगळ्यांत आधी. लग्न झालं तेव्हा मला त्याचं फार कौतुक होतं. पुढे भाजी आणायला गेलेला माणूस हात काळे करून, भाजी न घेताच परत यायला लागला, तेव्हा ते आटलं.

अशा माणसाच्या वाट्याला काम कसलं आलं, तर नुसतं बघायचं. पालिकेची नवी वेबसाइट येणार होती. ती साध्या माणसाला वापरता येते का, हे तपासायचं ह्यांच्या कंपनीला सांगितलं होतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवायचं आणि तो कुठे अडतो ते शेजारी बसून टिपायचं. मदत करायची नाही, अवाक्षर काढायचं नाही.

"जमेल तुम्हाला?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं? गप्प तर बसायचंय."

आणि खरंच, बसवलेला प्रत्येक जण बिनबोभाट पास होत गेला. साइट एकदम सोपी आहे, अशी बातमी वरपर्यंत पोचली.

शेजारच्या वहिनींनाही ह्यांनी तपासणीला नेलं होतं. त्या एकदा माझ्या ओट्याशी उभ्या राहून सांगू लागल्या, "भाऊजी किती गुणी हो! माझा हात चुकीच्या बटणाकडे गेला की खोकायचे. पान भरायची वेळ संपत आली की जोरात खोकायचे. मी आपली खोकल्याच्या मागे मागे गेले."

हसून हसून माझी पुरेवाट झाली. हे घरी आल्यावर मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं, तर ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"मी खोकत होतो? अगं, माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही," हे म्हणाले. "साइट पास झाली की पालिकेतली अर्ज घ्यायची खिडकी बंद करणार आहेत. मग ज्याला जमणार नाही त्यानं जायचं कुठे?"

तपासणीचा एकच दिवस उरला होता आणि येणाऱ्या बाईंनी ऐनवेळी नाही सांगितलं. मीच बाबांचं नाव सुचवलं. माझे बाबा गणिताचे मास्तर, आता निवृत्त. आईच्या मृत्यूच्या दाखल्यात तिचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायचं होतं. जावई शेजारी असताना काम अडेल कशाला, असा माझा हिशोब.

मी मागच्या खुर्चीत बसले. बाबा एका बोटानं, एकेक अक्षर शोधत आईचं नाव लिहीत होते. ते पुरं होतंय तोच वेळ संपली आणि पान कोरं झालं.

"माझंच काहीतरी चुकलं," म्हणत बाबांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मग त्यांनी जावयाकडे पाहिलं. हे मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून बसलेले.

"अहो, सांगा ना!" मी ओरडलेच. ह्यांनी मान वर केली नाही.

आईचं नाव तिसऱ्यांदा पुसलं गेलं, तसे बाबा उठले. चष्मा काढला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले दिसले. "राहू दे पोरी," ते म्हणाले, "एवढं नापास व्हायचं राहिलं होतं."

"माझ्या बापाला रडवलंत तुम्ही," घरी आल्यावर मी ह्यांना म्हणाले. "हो," एवढंच म्हणून हे आतल्या खोलीत गेले. मी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी साहेबांना खरं ते सांगितलं. "आधीचे सगळे माझ्या खोकण्यामुळे पास झालेत, ते धरू नका. कालचं तेवढं धरा." भरपूर बोलणी खाल्ली. पण साइट दुरुस्त होईपर्यंत खिडकी चालू ठेवायची, असं ठरलं. कळल्याबरोबर हे बाबांकडे निघाले. मीही गेले, गाल फुगवूनच.

"बाबा, नापास तुम्ही नाही, ती साइट झाली," हे म्हणाले. "तुम्ही अडलात म्हणून खिडकी राहिली. पण माझ्यामुळे तुम्हाला फार त्रास झाला."

बाबांनी विचारलं, "दुरुस्त केल्यावर पुन्हा कुणाला तरी बसवून बघतील ना?"

"हो. बसवावंच लागेल."

"मग मलाच बोलवा," बाबा म्हणाले. "दुसऱ्या कुणाला नको."