चार दारांवरची पार्सलं

आमच्या इमारतीत सगळ्यात वर राहणाऱ्या शिलाई मशीनवाल्या काकांना सगळे बॉबिनकाका म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ते चिकटलं, कारण त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी कायम दोरा गुंडाळायची एखादी बॉबिन असते. तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर मशिनं दुरुस्त केली. कारखाना बंद पडला तेव्हा साहेबांनी निरोपाला भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं. काकांनी ते नको म्हणून एक बंद पडलेलं मशीन मागून घेतलं, आणि तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम चालू आहे. मशिनं सगळी जुनी, लोखंडी, दोघांनी मिळून उचलावीत अशी. नव्या प्लॅस्टिकच्या मशीनला ते हात लावत नाहीत. कोणी आणलंच तर म्हणतात, "हे खेळणं आहे. खेळा."

एवढं बोलले तरी पुष्कळ झालं. त्या घरात बोलण्याचं खातं काकूंकडे होतं. गिऱ्हाइकांशी हुज्जत, फोन, शेजारपाजार, सगळं काकू बघायच्या आणि काका आत मान खाली घालून बसलेले असायचे. जिन्यात भेटले की "काय?" म्हणायचे आणि उत्तराची वाट न बघता वर निघून जायचे. काकू गेल्या आणि त्या घरातून माणसाचा आवाज येणंच थांबलं.

मग एका संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात काका. मी पोळपाट टाकून आलेली, त्यामुळे हात पिठाचे आणि डोकं तापलेलं.

"तुमच्या नावावर एक पार्सल मागवू का?" त्यांनी विचारलं.

भानगड अशी होती. जुन्या मशिनांचे सुटे भाग आता आपल्याकडे कोणी बनवत नाही. परदेशातला एक दुकानदार ते ऑनलाइन विकतो. तेव्हा नियम असा होता की बाहेरून मागवलेला माल ठरावीक रकमेच्या आतला असेल तर त्यावर विक्रीकर नाही. रक्कम ओलांडली की कर लागणार, वर हाताळणीचे पैसे, आणि पार्सल कस्टममध्ये धूळ खात पडणार ते वेगळंच. काकांचा माल एका नावावर मागवला की मर्यादेबाहेर जायचा.

मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करते. म्हटलं, "काका, असे तुकडे करू नका म्हणून मी दिवसभर लोकांच्या कानीकपाळी ओरडत असते."

"हो," काका म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

आतून आमचे हे ओरडले, "मागवू दे गं! सुया मागवतायत, सोनं नाही!"

तर अशी सुरुवात झाली. हळूहळू वाटण्या ठरल्या. पट्टे आणि जड चाकं तळमजल्यावरच्या बस ड्रायव्हरच्या नावावर, कारण पोस्टमनला चढायला नको. शटलं, म्हणजे मशीनखाली बॉबिन धरणारे लोखंडी भाग, आमच्या नावावर. सुया दुसऱ्या मजल्यावरच्या टीचरबाईंच्या नावावर. बाईंचं बोलणं कसं टोचतं हे इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, पण सुया त्यांच्याकडे गेल्या हा निव्वळ योगायोग, असं काका शपथेवर सांगतात. उरलेलं किडुकमिडुक त्यांच्या स्वतःच्या नावावर.

पार्सल आलं की संध्याकाळी काका ते न्यायला येणार. नेतील आणि जातील, असं मला वाटलं होतं. पण ते जेवणाच्या टेबलाशी बसून कात्री मागायचे, खोकं तिथेच उघडायचे आणि आतली वस्तू आम्हाला दाखवायचे. पहिल्यांदा मी मनातल्या मनात चडफडले. शटल बघून मी काय करू? पण माणूस समोर बसला की चहा टाकावा लागतो. आमच्या विजेच्या किटलीचं झाकण केव्हाच तुटलंय, त्यावर मी बशी ठेवते. पाणी उकळायला लागलं की बशी थडथडते. काका दर वेळी तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हे झाकण इथे मिळायचं नाही. बाहेरून मागवा." मी म्हणायचे, "बशीने काय घोडं मारलंय?"

चहा पिता पिता ते बोलायला लागले. आधी शटलबद्दल, मग कारखान्याबद्दल, आणि एकदा काकूंबद्दल. काकू मशीनला तेल घालताना मशीनशीही बोलायच्या म्हणे. यांनी हसून विचारलं, "आणि तुम्ही?" काका म्हणाले, "मी ऐकायचो. मला वाटायचं, माझ्याशीच बोलतेय." मी त्यांचा कप पुन्हा भरला.

मग कायदा बदलला. इथले दुकानदार कधीचे ओरडत होते, आम्ही पै न् पै कर भरायचा आणि बाहेरच्याला माफी, हा कुठला न्याय? त्यांचं काही चुकत नव्हतं. मर्यादा गेली. आता एक सुई मागवली तरी कर, आणि तो पैसे भरतानाच ती वेबसाइट कापून घेणार. पार्सल कुठे अडणार नाही. म्हणजे चार नावांवर मागवण्यात काडीचा फायदा उरला नाही, उलट टपालखर्च चौपट.

हे काकांना सांगायचं म्हणून मी वाटच बघत होते. ते आले, बसले, कात्री मागितली. मी खोकं त्यांच्यासमोर ठेवलं. वर चिकटवलेल्या कागदावर मालाची किंमत होती आणि तिच्याखाली, स्वच्छ छापलेली, कराची ओळ. काकांना ठाऊक होतं तर! पैसे त्यांनीच भरले होते, ठाऊक नसून कसं चालेल? मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी डाव्या हाताने खोकं धरलं आणि अंगठा नेमका त्या ओळीवर ठेवला. कात्री चालवताना तो अंगठा जागचा हलला नाही. कागद फाडून झाल्यावर त्यांनी तो चुरगळून खिशात घातला.

माझ्या जिभेला हाड नाही असं हे नेहमी म्हणतात. त्या दिवशी मी जीभ आवरली. मी किटली लावली.

असं बरेच महिने चाललं. टीचरबाई मला जिन्यात म्हणाल्या, "कर तर लागतोच, मग हा माणूस माझ्या नावावर सुया का मागवतो?" मी म्हटलं, "बाई, तुम्हाला त्रास होतो का?" त्या म्हणाल्या, "मी कुठे त्रास म्हटलं?" आणि दार लावून घेतलं.

घोळ घातला तो त्या परदेशी दुकानदाराने. एकाच पत्त्यावर चार पार्सलं जाताहेत हे त्याच्या कॉम्प्युटरच्या लक्षात आलं, आणि ग्राहकाच्या सोयीसाठी म्हणून त्याने ती आपणहून एकत्र करून टाकली. एक भलंमोठं खोकं थेट काकांच्या दारात गेलं. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच.

आमची बेल वाजायची थांबली. मी स्वयंपाक सुखाने करू लागले, आणि ते सुख मला अजिबात मानवलं नाही. ड्रायव्हरने विचारलं, "काका बरे आहेत ना?" टीचरबाई वर जाऊन आल्या. म्हणाल्या, दार पुरतं उघडलंसुद्धा नाही, "काय?" म्हणाले आणि लावून घेतलं. मग जिन्यात काका भेटले. हातात रिकामी बॅग होती, नवीन.

"पुतण्या बोलावतोय," ते म्हणाले. "तिकडे खोली आहे एक. मशिनं विकून टाकीन म्हणतो. इथे तरी काय आहे?"

मला भयंकर वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. इथे काय आहे म्हणे! पण हे बोलून दाखवलं असतं तर काका ओशाळले असते आणि "हो" म्हणून वर गेले असते. येऊन बसा असं सांगण्यात अर्थ नव्हता. बोलावलं म्हणून येणारा हा माणूस नाही. त्याला काम लागतं.

घरी आले ती तशीच फोन घेऊन बसले. किटलीचं झाकण शोधलं, परदेशातच मिळालं. कर भरला, टपालखर्च भरला. दोन्ही मिळून झाकणापेक्षा जास्त झाले. हे खांद्यावरून बघत होते. "अगं, नाव कुणाचं घातलंस?" त्यांनी विचारलं. मी वळून बघितलं तसे ते आत निघून गेले.

पार्सल आल्याचा मेसेज आला त्या संध्याकाळी मी वर गेले. इतक्या वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. कपाट रिकामं होतं आणि नवी बॅग भरून, बांधून भिंतीशी ठेवलेली. खोकं मशीनच्या टेबलावर होतं, न उघडलेलं.

"चुकून आलंय," काका म्हणाले. "मी असलं काही मागवलं नाही."

"माझं आहे. किटलीचं झाकण. तुमच्या नावावर मागवलं."

"माझ्या नावावर का?"

"माझ्या नावावर मर्यादेबाहेर जात होतं, काका. नियम तुम्हाला माहीतच आहे."

मी बसले, खोकं पुढे ओढलं आणि कराच्या ओळीवर अंगठा ठेवला. म्हटलं, "कात्री द्या."

काकांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग मशीनच्या खणातून कात्री काढून माझ्यापुढे ठेवली.

"नियम फार कडक झालेत हल्ली," ते म्हणाले.

"तर काय! टीचरबाईंना चष्म्याची दांडी हवीय, ड्रायव्हरला आरसा हवाय. सगळं अडलंय."

काका उठले. बांधलेल्या बॅगेची चेन उघडून त्यांनी आतून दोन कप बाहेर काढले आणि शर्टाला पुसले.

"मग पुतण्याला कळवायला हवं," ते म्हणाले. "मी गेलो तर तुम्हा लोकांची पार्सलं घेणार कोण?"