टाउनोची जपलेली कव्हरं

निवृत्त बसचालक टाउनोने कॉम्प्युटरमधल्या गाण्यांच्या प्रत्येक अल्बमचं कव्हर निगुतीने दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलं होतं. त्यामुळे शनिवारी कॉम्प्युटरने मान टाकली, तेव्हा तो मिशीतल्या मिशीत हसला. सौनात वाफेची अंघोळ करून बाहेर पडल्यावर बायकोबरोबर एक टँगो नाचायचा, हा घरचा नेम काही मोडणार नव्हता. डिस्क लावताच कव्हरं झळकली, पण गाणं एकही वाजेना. गाणी उतरवायची राहूनच गेली होती.

“हिल्का, बस चकाचक धुऊन आणली गं, प्रवासी मात्र स्टॉपवरच राहिले!”

“आणि ड्रायव्हरची ऐट बघा!”

मग टाउनो स्वतःच गुणगुणत नाचू लागला. दोन पावलांतच हिल्काने कान झाकले.

“थांब रे बाबा! तू कव्हरं बघ, गाते मी.”