नळीतले दोन सेल

दादाच्या बॅटरीचे दोन सेल मी काढून घेतले होते. अठरा वर्षं झाली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आता सांगायलाच बसलोय तर नीट सांगतो. आमच्याकडे विजेरीला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायचे ते सेल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची बॅटरी तीन जाड सेलांची. जास्तीचे तीन सेल ठेवायला त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या कामातून उरलेला वीतभर पाईप घेतला होता. एका तोंडाला टोपण कायमचं चिकटवलेलं, दुसऱ्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवलेला. खर्च शून्य. आत पाणी जात नाही, सेल सांडत नाहीत, सुतळीनं कमरेला बांधता येतो. घरचा नियम एकच होता: नळीत फक्त कोरे सेल. उतरलेले सेल पत्र्यावर उन्हात तापवायचे आणि रेडिओला वापरायचे. नळी भरून भाकरीच्या फडक्यासोबत द्यायचं काम वहिनीचं.

त्या दिवशी मॅच होती. रेडिओ खरखरायला लागला, म्हणून नळीतले दोन कोरे सेल मी रेडिओत घातले आणि रेडिओतले मेलेले नळीत. लहान होतो म्हणाल, तर नव्हतो. तेवीस वर्षांचा होतो.

दिवस कलताना मोटार पाणी उचलेना. पाईपाच्या बुडाशी गाळ अडकला असणार, म्हणून दादा विहिरीत उतरला. साठ फूट विहीर. वर ऊन असलं तरी तळाशी काळोख. मी काठावर बसलो होतो, शेजारी रेडिओ. गाळ काढता काढता दादाच्या बॅटरीचा उजेड गेला. त्यानं कमरेची नळी सोडून सेल बदलले. बदलताना आधीचे सेल पाण्यात पडले. नव्यांनी नुसता लाल ठिपका दिला आणि तोही विझला.

खालून आवाज आला, "सेल मेलेत रे! वर हायेत का दुसरे?"

मी हात लांबवून रेडिओ बंद केला. "न्हाई, दादा," म्हणालो.

खरी चूक ही. सेल घेतले ते मॅचच्या नादात, पण "न्हाई" हे मी शुद्धीत म्हणालो. रेडिओतले दोन सेल फडक्यात बांधून दोरीनं खाली सोडायला किती वेळ लागला असता? पण मंग सगळं कळलं असतं.

दादा चाचपडत वर येऊ लागला. अंधारात भिंतीतल्या लोखंडी कड्यांपैकी एक त्याच्या पायाला चुकली आणि तो खाली कातळावर पडला. घोटा मोडला. तो नीट जुळलाच नाही. दादा आजही डावा पाय ओढत चालतो.

घरी दादा वहिनीला एवढंच म्हणाला, "जुने सेल भरलेस तू."

"नवेच भरल्ते मी. केदारखेड्याच्या बाजारातून आणलेले. तुमची शपथ."

कुणी ऐकलं नाही. मी तिथंच उभा होतो. पुढे पाहुणे आले की दादा पाय दाखवायचा आणि हसत म्हणायचा, "बायकोची मेहेरबानी." वर्षा-दोन वर्षांनी वहिनी स्वतःच म्हणू लागली, "भरले असतील मीच जुने. ध्यान नव्हतं माझं." तिनं न केलेली चूक तिला आठवायला लागली. दादाच्या पायापेक्षा मला हे जास्त लागलं. तरी मी गप्प.

तेव्हापासून मी नळ्या करतो. उरलेला पाईप, टोपण, ट्यूबचा तुकडा. शेतात जाणाऱ्या कुणालाही देतो. छोट्या सेलांना ठिबक सिंचनाची जाड नळी चालते. चाव्यांसोबत खिशात सुटे सेल टाकू नका म्हणतो. तोंडं चाव्यांना लागली की सेल तापतात, उतरतात. कोऱ्या सेलाला चिकटपट्टी लावा, वापरलेल्याला लावू नका. अंधारातही बोटाला फरक कळतो. पोरं हसतात.

"काका, मोबाईलला लाईट हाय की! ही नळकांडी घेऊन काय करू?"

"मोबाईल इहिरीत पडल्यावर ये मंग. तव्हा इचारतो."

"नळीवाला आला," म्हणतात. म्हणा. मी थांबणार नाही. पण नळ्या वाटून माझं पाप फिटतं, असं मीही समजत नाही. वहिनी शेजारणींना कौतुकानं सांगते, "भावजींना लई काळजी. माझ्यासारखं धांदरट न्हाई त्यांचं." हे ऐकून मी मान खाली घालतो आणि लोक त्याला विनय समजतात.

गेल्या महिन्यात दादाच्या घरी नवी सून आली. तिला पहिल्याच आठवड्यात तोच किस्सा ऐकवला गेला. सून हसली, वहिनीही हसली. चहा घेऊन मी उठलो. त्याच रात्री हे लिहायला घेतलं.

जुनं कशाला उकरतोस, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. जुनं म्हणायचं कशाला? त्या घरात ते रोज नव्यानं बोललं जातं. दादा चिडेल, बोलणं तोडेल. तोडू दे. त्याचा तो हक्क आहे.

दादाचा पाय मला परत देता येणार नाही. पण वहिनी खरं बोलत होती, हे दादासमोर आणि सुनेसमोर माझ्या तोंडानं सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.