वही बंद करा, मग बोलतो

आमच्या गल्लीतल्या एक ताई मीटिंगला आल्या की पदर खोचून, वही घेऊन सगळ्यात पुढं बसतात. सगळं काही लिहीत नाहीत. नगरपालिकेच्या साहेबांचं भाषण चालू असतं तोवर त्यांचा पेन कानावर असतो. कुणी "करू" म्हटलं की पेन खाली येतो. "कोण करणार? कधी?" एवढंच विचारतात आणि उत्तर लिहून लगेच मोठ्यानं वाचून दाखवतात. बायका हसतात, "बाई, कोर्ट भरवलं का काय?" ताई म्हणतात, "व्हय."

परवा पाण्याची मीटिंग होती. नवी पाइपलाइन शेजारच्या गल्लीपर्यंत आली आणि आमची गल्ली सोडून पुढं गेली. साहेब म्हणाले, "बघू, करून टाकू." पेन खाली आला. साहेब चिडले. "आधी वही बंद करा, मग बोलतो."

ताईंनी तेही लिहिलं आणि वाचून दाखवलं. "साहेब म्हणाले, आधी वही बंद करा, मग बोलतो. बरोबर हाय ना, साहेब?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "सोमवारी खोदकाम सुरू करतो."

"कोणकोणी ऐकलं? नावं सांगा, लिहिते."

साहेब एकेकीकडं रोखून बघायला लागले, तशा बायकांनी माना खाली घातल्या. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. पण मी साहेबांकडं बघतच माझं नाव सांगितलं.

"जरा मोठ्यानं," ताई म्हणाल्या.

मी आडनावासकट परत सांगितलं.