पिवळ्या पट्ट्याच्या आत

माझी शेवटची पोस्टिंग चाकणच्या एका कंपनीत झाली. सरकारनं दिलेली नव्हे, पोटानं दिलेली. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि चार महिन्यांत कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. शिक्षण सातवी. लिहायची सवय फक्त रजिस्टरची. तेव्हा हे पण रजिस्टरसारखंच लिहितो.

दत्तू माझ्या आधीपासून तिथं होता. नाईक दत्तू, आमच्याच इंजिनिअर पलटणीतला इलेक्ट्रिशियन, कंपनीत मेंटेनन्सला. पलटणीत काम त्याला मी शिकवलं, म्हणून शेवटपर्यंत मला उस्ताद म्हणायचा.

आधी पट्ट्याचं सांगतो. सिव्हिल माणसाला ते कळत नाही.

डोंगरावरच्या पोस्टवर आमची जनरेटर खोली होती. सुभेदार साहेबांनी स्विचबोर्डपुढं छडीनं मोजून चुन्याची रेघ मारली होती. तीन फूट. म्हणाले, "इसके अंदर सिर्फ आदमी." पाठीमागं लोखंड असेल तर रेघ अजून एक पाऊल मागं. हात पुढं करंटवर आणि पाठ मागं लोखंडाला लागली, की करंटला माणसातून सरळ रस्ता मिळतो. आणि झटका बसून माणूस मागं फेकला गेला तर त्याला पडायला जागा पाहिजे. एकदा मी रेघेच्या आत डिझेलचा रिकामा कॅन ठेवला. साहेबांनी तोच कॅन पाण्यानं भरून माझ्या पाठीवर दिला आणि हेलिपॅडला सात चकरा मारायला लावल्या. दत्तू हसला. त्याला तीन.

चाकणच्या पॅनेल रूममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्विचबोर्डच्या खोलीत, चुन्याऐवजी पिवळा पट्टा होता. दत्तू दर खंडेनवमीला तो स्वतः रंगवायचा. सगळी कंपनी मशीनला हार घालायची. दत्तू पॅनेलला एक पाकळी लावू द्यायचा नाही. झेंडू तो त्या पट्ट्यावर ओळीनं मांडायचा. लोक चेष्टा करायचे, "दत्तूभाऊ, देव पॅनेलात हाय का फरशीवर?"

"देव मोकळ्या जागंत हाय," हा म्हणायचा. "तू तिथं ट्रॉली लावू नको, म्हंजे पूजा झाली."

खोलीची एक चावी त्याच्याकडं, एक माझ्याकडं. दर दोन तासांनी माझा राऊंड. कुलूप, आगीचा सिलिंडर, पट्टा. बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, ठीक. फौजेत पहारा बदलताना रिपोर्ट द्यायचा असतो, सब ठीक. बावीस वर्षं दिला. तो शब्द हाताला असा बसला होता की पेन उचललं की तोच उतरायचा.

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. सेफ्टीचं. माल घेणाऱ्या कंपनीचे लोक येणार होते. सकाळी ९ ला प्लांटचे साहेब गेटवर आले. फ्लोअरवरच्या वाटेत रिजेक्ट मालाचे लोखंडी बिन, भल्यामोठ्या पेट्या, पडले होते, स्टोअर भरलेलं. म्हणाले, "हवालदार, पॅनेल रूम उघडा. संध्याकाळपर्यंतच."

मी सांगितलं, साहेब, पट्ट्याच्या आत काही ठेवत नाहीत. ते म्हणाले, पाहुणे फ्लोअर बघणार, पॅनेल रूम नाही. मी जागचा हललो नाही. मग ते म्हणाले, "ही ऑर्डर आहे."

मी कुलूप उघडलं.

दत्तू सकाळपासून दुसऱ्या शेडला कॉम्प्रेसरवर होता. दुपारी जेवायला आला तेव्हा त्यानं आत रचलेले बिन बघितले. गेटवर आला. आवाज चढवला नाही.

"उस्ताद, चावी तुमची व्हती."

मी म्हणालो, संध्याकाळपर्यंतच आहे. हे साहेबांचं वाक्य होतं, मी जसंच्या तसं दिलं.

१४०० ला, म्हणजे दुपारी दोनला, माझा राऊंड. बिनवर बिन चढवलेले, पॅनेल आणि बिन यांच्यात हातभर जागा. पाहुणे रजिस्टर बघणार होते. मी लिहिलं, पॅनेल रूम, १४००, ठीक.

१४२० ला वेल्डिंगची लाईन बंद पडली. पाहुणे नेमके तिथंच. वॉकीटॉकीवर साहेबांचा आवाज आला. "मेंटेनन्स, पाच मिनिटांत लाईन चालू पाहिजे."

दत्तू म्हणाला, "आधी पॅनेलपुढची जागा मोकळी करा, साहेब. नाहीतर मेन स्विच पाडू द्या."

"मेन पाडली तर सगळा प्लांट बंद पडेल. पाहुणे उभे आहेत. करा."

मी बटण दाबलं. "दत्तू, थांब. मी येतो, बिन काढतो."

"या उस्ताद. तवर नुसतं बघून ठिवतो."

गेटपासून पॅनेल रूम दोनशे पावलं. मी पळालो. दारात पोचलो तेव्हा तो आत अंग चोरून शिरलेला होता. बिन मधे, म्हणून पॅनेलचं दार अर्धंच उघडलं होतं. त्या फटीतून त्याचा हात आत गेलेला. टेस्टरच होता हातात. आवाज फार मोठा नाही झाला. ओलं पोतं आपटावं तसा. त्याची पाठ मागच्या बिनला होती.

तो पडला नाही. पडायला जागाच नव्हती. उभाच राहिला.

मी दाराजवळची मेन पाडली. दोघांना हाक मारली आणि बिन बाहेर ओढले. त्याला फरशीवर आडवं करायला चार मिनिटं लागली. दवाखान्यात डॉक्टरनं हात लावून बघितलं आणि सांगितलं, आधीच गेले.

चौकशी झाली. फोटोत पिवळा पट्टा मोकळा दिसत होता, कारण बिन मीच बाहेर ओढले होते. चौकशीच्या साहेबांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"अक्षर तुमचं?"

"माझं."

"मग ठीकच होतं की."

मी म्हणालो, नव्हतं. कुलूप मी उघडलं, बिन आत होते, मी खोटं लिहिलं. प्लांटचे साहेब शेजारी बसले होते. म्हणाले, हवालदारांचा जुना मित्र गेला आहे, ते दुःखात बोलतात. रिपोर्टात आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. पुढच्या महिन्यात मला येऊ नका म्हणून सांगितलं. त्या ऑडिटमध्ये कंपनी पास झाली. सर्टिफिकेट रिसेप्शनला फ्रेम करून लावलं आहे.

तेराव्याला मी दत्तूच्या बायकोला सगळं सांगितलं. चावी, रजिस्टर, काही लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भाऊजी, तुमी तवाच 'न्हाई' का म्हणाला न्हाईत?"

शत्रूपुढं मी कधी पाय मागं घेतला नाही, असं गावात सांगत फिरायचो. तिच्यापुढून उठलो आणि चपला घालून निघालो.

दत्तू रविवारी आमच्याकडं जेवायला यायचा. आला की आधी लाईटच्या मीटरखाली ठेवलेला पिठाचा डबा उचलून बाजूला करायचा. माझी बायको भांडायची, भाऊजी, घर माझं हाय का तुमचं? तो जेवून गेला की ती डबा परत तिथंच ठेवायची. दत्तू वारल्यावर तिनं मला कधी बोल लावला नाही. फक्त तेराव्याहून घरी आलो त्या संध्याकाळी तिनं तो डबा उचलला आणि परत कधी तिथं ठेवला नाही. गेल्या वर्षी ती पण गेली. मीटरखालची फरशी मोकळी आहे. मी तिथं चप्पलसुद्धा काढत नाही.

खंडेनवमीला त्या फरशीवर मी झेंडू मांडतो. ओळीनं, तीन फुटांवर.

ते रजिस्टर कंपनीत जमा आहे, माझ्या हाताला येत नाही. म्हणून दुरुस्ती इथं लिहितो.

पॅनेल रूम. १४००. ठीक नव्हतं. आत नाईक दत्तू गेला.