प्लगला घातलेली कानटोपी

धक्क्याला बांधलेल्या बोटींना किनाऱ्यावरून वीज जोडून देणाऱ्या वायरमनबाईंना सगळे 'हातलावीबाई' म्हणत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्या रोज संध्याकाळी प्रत्येक बोटीच्या प्लगला उलटा हात लावून बघायच्या. प्लग कोमट लागला की संपलंच!

"अहो कप्तान, नुसता खुपसलाय हा! पिळून प्लगचं कडं कोण आवळणार, मी? सैल प्लग तापतो, आणि तापला की पेटतो!"

कप्तान मुकाट्याने कडं आवळायचे आणि बाईंची पाठ वळली की त्यांचीच नक्कल करायचे.

शेवटच्या बोटीवर बाईंचे सासरे राहत. तेवढा एकच प्लग बाई कधी तपासत नसत. घरचाच तर होता, स्वतः आवळलेला! त्या संध्याकाळी सहज तिकडे गेल्या आणि जागीच थिजल्या. प्लगवर सासऱ्यांची लोकरीची कानटोपी, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीतून धूर! बाईंनी झडप घालून आधी खांबावरचा स्विच बंद केला, मग टोपी सोलली. आत प्लग वितळलेला, पिना काळ्याठिक्कर. आणि सासरे हीटर लावून बोटीत घोरत होते. बाईंनी त्यांना हलवून उठवलं आणि टोपी पुढे धरली.

"अगं, 'प्लग कोरडा ठेवा, कोरडा ठेवा' म्हणून तूच ओरडतेस ना? घातली टोपी!"

"मामंजी, आतली ओल आतच कोंडली हो! पिना गंजल्या, तापल्या..."

सासऱ्यांनी जळकी टोपी हातात घेतली. "म्हणजे मी आत झोपलो होतो, आणि..."

दुसऱ्या संध्याकाळी बाईंनी फेरी शेवटच्या बोटीपासूनच सुरू केली. सासरे बोडक्या डोक्याने, नव्या प्लगला उलटा हात लावून आधीच उभे होते.

"गार आहे गं," ते म्हणाले. "तरी तूही बघ."