लाल सिग्नलपाशी भाऊजी

आमचे भाऊजी उभी हयात इंजिन ड्रायव्हर. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांनी त्यांना खिडकी नसलेल्या खोलीत टेबलापाशी बसवलं. शेवटची फेरीसुद्धा मिळाली नाही. ती आता ते घरी, कॉम्प्युटरवरच्या रेल्वेच्या खेळात करणार होते. लाइन तीच, स्टेशनं तीच, सगळं स्वतः मांडलेलं. एकदा गाडी शेवटच्या स्टेशनात लागली की हा नाद बंद, असा ताईला शब्द होता.

घोडं अडलं कालव्यापाशी. तिथे लॉक होतं, म्हणजे दोन दारांचा हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी उतरवायचं, पुढचं दार उघडायचं. वरून रेल्वेचा उचलता पूल. हौदात बोट असेतो गाडीला लाल सिग्नल.

खेळात बसवता येईल असं या लॉकचं मॉडेल शोधताना भाऊजींनी इंटरनेट पालथं घातलं. एक सापडलं, त्यात बोट काय, बेट मावलं असतं. दुसऱ्याची दारं नुसती रंगवलेली. ताई म्हणायची, "माझ्यासाठी स्थळं बघताना बाबांनीसुद्धा एवढी पायपीट केली नव्हती."

"तरीच!" भाऊजी म्हणायचे.

अखेर एका परक्या मुलखातल्या हौशी माणसाने हलत्या दारांचं मॉडेल पाठवलं. भाऊजींनी ते बसवलं, सिग्नलला जोडलं आणि गाडी सोडली. बोट हौदात शिरली. मागचं दार लागलं. पुढचं उघडेचना.

बोट अडकली, म्हणून पूल वर. पूल वर, म्हणून सिग्नल लाल. सिग्नल लाल, म्हणून गाडी उभी. आणि गाडी उभी, म्हणून भाऊजी खुर्चीत.

"पुसून टाका ना ते लॉक," मी म्हणालो.

"आणि बोटीतली माणसं?"

ताई दारात आली. "अहो, खेळ आहे हा. घाला पुढे."

"लाल आहे."

"मग जेवायला तरी उठा."

"उभी गाडी सोडून ड्रायव्हर उतरत नसतो."

"बरं, मागे घ्या."

"गार्डची परवानगी लागते."

"दिली!"

"लेखी लागते."

ताई त्या लाल ठिपक्याकडे पाहत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, एकाच ताटात दोघांचं वाढून आणलं आणि स्टूल ओढत म्हणाली, "सरका. इंजिनात दोघं मावतात ना?"

"नियमात बसत नाही," भाऊजी म्हणाले आणि सरकले.